उंबरवड्याचं दुसरं कडवं

"सत्काराचं बोलायला आली असशील तर चहा पिऊन जा. मुलाखतीला आली असशील तर चहासुद्धा नाही!"

मनोरमा तोडकर हे मला ओरडून सांगत होत्या, कारण त्यांच्यामागे मिरची कांडपाचं यंत्र धडधडत होतं. मला उत्तर देता येईना. हवेत तिखट भरलेलं आणि मी एकामागून एक शिंका देत होते. त्यांना मात्र त्याचं काही नव्हतं. साठीला टेकलेली, ठेंगणी, ठसठशीत बाई. पदर कमरेला खोचलेला आणि भुवयांवर लाल धूळ बसलेली.

"मी नीलांबरी शेटे. रेडिओवर..." एवढं म्हणून मी पुन्हा शिंकले.

"ठाऊक आहे. आवाज ओळखला." त्यांनी खटका दाबला आणि यंत्र थांबलं. "बुधवारी दुपारी असतेस. 'पहिलीवहिली'. चांगला कार्यक्रम करतेस, माझ्या गिरणीत चालू असतो. पण मला त्यात घालू नकोस."

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावर निवेदिका होते आणि एका दैनिकात दर रविवारी गाण्यांवर लिहीत असे. शास्त्रीय गाणाऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ होते. मला ओढ होती ती जत्रेत, लग्नात, चौकात वाजणाऱ्या गाण्यांची, आणि त्यातही ज्या बायकांनी तिथे एखादी गोष्ट पहिल्यांदा केली त्यांची. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारी एक बाई मला सापडली होती. गणपतीच्या मेळ्यांना चाली बांधून देणारी एक शाळामास्तरीण सापडली होती. अशा एकेकीवर 'पहिलीवहिली'चा एकेक भाग व्हायचा. ऐकणाऱ्यांची पत्रं यायची आणि त्यांत एक नाव सारखं डोकावायचं: सांगलीचा नवतारा ऑर्केस्ट्रा. सात बायका. गाणाऱ्या बायका सगळीकडेच होत्या, पण इथे ड्रमवर बाई, गिटारवर बाई आणि मध्यभागी अकॉर्डियन छातीशी धरून उभी असलेली मनोरमा तोडकर. सिनेमातली गाणी तर त्या वाजवायच्याच, पण मनोरमाबाईंनी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणीही बेधडक मध्ये घालायच्या. नवतारा तीन वर्षं गाजला आणि एकाहत्तर साली एकाएकी बंद पडला. का, ते कुणीच लिहीत नव्हतं.

"का बंद पडला, ते तरी सांगा," मी पदराने नाक दाबून म्हटलं.

त्यांनी हात झटकले. मग बाहेरच्या बाकावर बसल्या आणि मलाही बसायला सांगितलं.

"उंबरवड्याचं नाव ऐकलंयस?"

"वाळव्याच्या पुढे. ऊसपट्ट्यातलं गाव."

"तिथल्या जत्रेत आमचा कार्यक्रम होता. पुढे खुर्च्यांवर पुरुष मंडळी, मागे दोरीपलीकडे जमिनीवर बायका. गावात वीज नव्हती, दिवे इंजिनावर. निम्मा कार्यक्रम झोकात झाला. मग आम्ही माझं गाणं घेतलं. पहिलं कडवं झालं, दुसरं उचलणार, एवढ्यात मागून मोठा लोंढा पुढे आला; दिवे आमच्या डोळ्यांवर, कोण ते दिसेना. स्टेजच्या अगदी पुढ्यात. आणि फटकन् दिवे गेले. मग आरडाओरडा आणि खुर्च्या. अंधारात कडाकड खुर्च्या आपटायला लागल्या. आमची गाणारी हेमा रडायला लागली. रोशनने ड्रम तिथेच टाकला. कमिटीच्या माणसांनी आम्हाला मागच्या बाजूने टेम्पोत कोंबलं. अध्यक्ष म्हणाले, 'बाई, लोकांना तुमचं आवडलेलं नाही. परत या गावात दिसू नका.'"

"मग?"

"मग काय? आठवड्यात सगळ्या जिल्ह्याला कळलं, बायकांच्या ऑर्केस्ट्रावर खुर्च्या फेकल्या म्हणून. ठरलेले कार्यक्रम मोडले. पोरींच्या घरच्यांनी पोरी माघारी नेल्या. मी तरी कुणाला धरून ठेवू? लोकांनीच नको म्हटलं ना. सरकारशी भांडता येतं, नवऱ्याशी भांडता येतं. ऐकणाऱ्याशी कसं भांडायचं?"

त्यांच्या आवाजात रड नव्हती. हिशोब मिटवून टाकल्यासारखं त्या बोलल्या. मी विचारलं, "अकॉर्डियन विकलं असेल ना?"

"विकतेय कशाला? रोज वाजवते. गिरणी बंद झाली की तासभर, दार लावून."

"मग चला ना माझ्याबरोबर. नवतारावर पूर्ण भाग करू. स्टुडिओत मोठा सत्कार ठेवू, मंत्रीबिंत्री..."

"शाल-नारळ घेऊन मी काय करू गं? भरल्या ताटावरून उठवलेल्या माणसाला कुणी शाल पांघरतं का? त्याला आधी जेवू घाल." त्या उठल्या. खटक्याला हात घातला आणि थांबल्या. "उंबरवड्याचा कार्यक्रम अर्धा राहिलाय. तो पुरा करायचाय मला. त्याच गावात, त्याच मैदानात. आणि दिवसाउजेडी. करून देतेस? दिलास तर मग विचार, काय विचारायचं ते."

मी हो म्हणून गेले. यंत्र सुरू झालं आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही.

आमचे केंद्राधिकारी हुद्दारसाहेब सज्जन माणूस होते, पण सरकारी नोकरीत केस पांढरे केलेले. माझं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"म्हणजे ज्या गावात दंगा झाला, त्याच गावात, त्याच बायकांना घेऊन, तुम्ही थेट प्रसारण करणार."

"हो."

"ध्वनिमुद्रित करा. कापाकापी करून नंतर लावू."

"साहेब, अर्धा राहिलेला कार्यक्रम पुरा होतोय. तो होताना लोकांनी ऐकायला हवा. नंतर नाही."

त्यांनी कार्यक्रमांचा तक्ता पुढे ओढला आणि त्यावरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "महिला दिनाच्या आठवड्यात दुपारी चार ते पाच देतो. पण लिहून आणाल तेवढंच बोलायचं. प्रेक्षकांच्या हातात माइक द्यायचा नाही. मी स्वतः येणार, आणि गोंधळ झाला तर त्याच क्षणी प्रसारण तोडून स्टुडिओतून रेकॉर्ड लावायला सांगणार. आणि मग नीलांबरीबाई, 'पहिलीवहिली'चं काय करायचं ते बघावं लागेल. वर उत्तर मला द्यायचं असतं."

सातांपैकी दोघी वारल्या होत्या. दोघींचा पत्ता लागला नाही. राहिल्या तिघी, मनोरमाबाई धरून. रोशनबी मुजावर मिरजेत सापडल्या. नातवंडांचा गराडा, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्या. मी नवताराचं नाव घेतलं तशी त्यांनी समोरच्या पितळी डब्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी असा काही ठेका धरला, की आतल्या खोलीतून सून बघायला आली.

"अम्मी, हे काय?"

"काय काय? काम करत होते मी. तुझ्या आधी." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मनू येतेय? मग मी येते. पण पायाने वाजवायचा मोठा ड्रम जमायचा नाही. हातांत मात्र सगळं आहे."

हेमलता कांबळे जयसिंगपूरला होती. तिथल्या शाळेत शिक्षिका. नवतारात ती सगळ्यांत धाकटी होती, जेमतेम कॉलेजात जाणारी. तिने मात्र चटकन नाही म्हटलं.

"माझा आवाज उतरलाय. काळी पाचच्या उंच पट्टीत गायचे मी. आता वरचा सा लागत नाही. लोक एकदा खुर्च्या फेकून गेलेत, दुसऱ्यांदा कीव करून जातील. मला दोन्ही नको."

मी तो निरोप मनोरमाबाईंना दिला. त्या दुसऱ्याच दिवशी अकॉर्डियन पाठीला लावून एसटीने जयसिंगपूरला गेल्या. हेमलताने नंतर मला सांगितलं, त्या काही समजावत बसल्या नाहीत. दिवाणावर बसल्या, भाता उघडला आणि गाणं पांढरी दोनात वाजवायला लागल्या. खालच्या पट्टीत.

"गा."

"मनूताई, हे फार खाली आहे."

"तुला खाली वाटतंय. गाण्याला काही वाटत नाहीये. गा."

हेमलता गायली. खालच्या पट्टीत ते गाणं वेगळंच झालं. पूर्वी ते खट्याळ पोरीचं होतं. आता ते सगळं बघून झालेल्या आणि तरीही घरी न जाणाऱ्या बाईचं झालं होतं. तालमीला मी ते पहिल्यांदा ऐकलं आणि शब्द वहीत उतरवून घेतले.

पायाला सुटली घाई गं,
आज मी घरी जायची नाही.
चुलीवर भाकर करपून जाई,
करपू दे बाई, मला वेळच नाही.

एकाहत्तर साली एका बाईने हे लिहिलं होतं, चाल लावली होती आणि भर जत्रेत स्टेजवरून वाजवलं होतं. मी माझ्या निवेदनात तेवढंच लिहिलं. त्याहून जास्त सांगायची गरजच नव्हती.

उंबरवड्याला मी आधी एकदा जाऊन आले. जत्रा कमिटीचे अध्यक्ष आता धनाजीराव होते, त्या वेळच्या अध्यक्षांचे पुतणे. त्यांनी उसाचा रस पाजला, मैदान दाखवलं. "आमचे काका सांगायचे, लोकांनी त्या बायकांना हाकलून लावलं म्हणून. पण आता काळ बदललाय, मॅडम. रेडिओ गावात येणार म्हटल्यावर कुणी काही करायचं नाही. आम्ही पुढच्या खुर्च्यांवर सगळी जबाबदार माणसं बसवतो. बायकांना मागं, दोरी बांधून. गडबड नको."

मी दोरी नको म्हणून पाहिलं. ते हसून म्हणाले, "पद्धत आहे."

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. मैदानात मांडव घातला होता, स्टेजच्या मागे पडदा लावून तिघींना बसायला जागा केली होती. तीन वाजल्यापासून बायका यायला लागल्या. साऱ्या गावच्या म्हाताऱ्या, सुना, पोरी. शेजारच्या वाड्यावस्त्यांवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून येत होत्या. पडद्याआडून मनोरमाबाईंनी एकदा डोकावून पाहिलं आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. चेहरा दगडासारखा.

हुद्दारसाहेब ध्वनी-अभियंत्याच्या टेबलाशी उभे होते. स्टुडिओशी जोडणाऱ्या फोनचा रिसीव्हर त्यांनी कानाला लावलेला. त्यांनी हात वर केला, खाली आणला आणि आम्ही हवेत गेलो.

मी माइकवरून नमस्कार केला. नवताराची ओळख सांगितली. मग लिहिलेलं वाक्य वाचलं, "तर श्रोते हो, आज इतक्या वर्षांनी, याच मैदानावर..."

आणि मागे गलका झाला.

दोरी तुटली होती. तोडली होती म्हणा. बायकांचा आख्खा लोंढा मधल्या वाटेने पुढे येत होता. जबाबदार माणसं उठून उभी राहिली. खुर्च्या सरकल्या, काही उलटल्या. "मागं बसा, मागं!" धनाजीराव ओरडत होते. बायका काही मागे जाईनात. त्या थेट स्टेजच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि जोरजोरात काहीतरी म्हणायला लागल्या. शंभर तोंडं एकदम बोलत होती, त्यातला शब्द कळत नव्हता.

मी मागे वळून पाहिलं. पडदा थोडा उघडा होता. मनोरमाबाई उभ्या होत्या आणि त्यांनी अकॉर्डियनचा एक पट्टा खांद्यावरून उतरवला होता.

"तसंच," त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "अगदी तसंच आहे. तोच आवाज. नीलांबरी, आम्हाला गाडीत बसव."

"मनू, बस खाली," रोशनबी म्हणाल्या. पण त्यांनीही ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या होत्या.

माझ्यासमोरचा माइक उघडा होता. रेडिओवर दोन क्षण शांतता गेली तरी लोक आकाशवाणी बंद पडली समजतात, आणि इथे तर नुसता गोंगाट चालला होता. अभियंत्याने हुद्दारसाहेबांकडे पाहिलं. हुद्दारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं बोट टेबलावरच्या बटणाकडे निघालं होतं. लिहून आणलेल्या कागदावर अशा वेळी काय बोलायचं ते नव्हतं.

मी कागद खाली ठेवला.

"एक मिनिट!" मी माइकवर म्हटलं. "सगळ्यांनी एक मिनिट थांबा. मला एक विचारायचंय. नवताराचा तो अर्धा राहिलेला कार्यक्रम, एकाहत्तर सालचा, इथे बघितलेलं कुणी आहे का?"

गलका हळूहळू विरला. पुढच्या बायकांमध्ये एक हात वर गेला. मग दुसरा. मग इतके हात वर गेले की मला मोजता येईनात. सगळे हात बायकांचे, आणि सगळे साठीच्या आसपासचे.

"आमी हुतो की!" सगळ्यांत पुढे उभी असलेली एक उंच, काटक म्हातारी म्हणाली. हिरवं नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू.

"तुमचं नाव काय, मावशी?"

"आक्काताई शेवाळे."

प्रेक्षकांच्या हातात माइक द्यायचा नाही, असं ठरलं होतं. मी स्टँडवरचा माइक काढला, स्टेजच्या कडेला गुडघे टेकून बसले आणि तो त्यांच्या तोंडाशी धरला. हुद्दारसाहेबांकडे बघायचं मी टाळलं.

"आक्काताई, त्या दिवशी काय झालं होतं?"

"हितं सांगू? रेडिवर?"

"सांगा."

त्यांनी पुढच्या खुर्च्यांकडे, धनाजीरावांकडे एक नजर टाकली. "हेंचा चुलता अध्यक्ष हुता. आमाला बसवलं हुतं पार मागं, दोरीच्या पल्याड. दिसंना का ऐकू येईना. तरी गप बसलो. मग त्या बाईनं ते गानं लावलं, पायाला सुटली घाई. आता सांगा, तसलं गानं ऐकून कोन बसून ऱ्हाईल? आमी उटलो. दोरी वलांडली आन् हितं म्होरं येऊन नाचाय लागलो. मी, ही सुभद्रा, ती कोंडाबाई, समद्या. आयुष्यात पयल्यांदा नाचलो हुतो. फेर न्हाई, झिम्मा न्हाई. निस्तं नाचलो."

बायकांमध्ये हसू पसरलं.

"अध्यक्षाची बायकू बी हुती नाचत," मागून कुणीतरी ओरडलं.

"हुतीच की! त्येनंच तर पेटला त्यो. म्हनला, आमच्या बाया भर जत्रंत नाचत्यात म्हंजी काय? गेला आन् इंजानच बंद केलं. समदा अंधार. मग काय, आमाला बी आला राग."

"आणि खुर्च्या?" मी माइक आणखी पुढे केला. "खुर्च्या कुणी फेकल्या?"

"आमी फेकल्या!" आक्काताईंनी छातीवर हात मारला. "पयली मीच फेकली. त्या अध्यक्षावर! वरडत हुतो की, चालू करा, गानं चालू करा! ह्या बायांना वाटलं आसंल तेंच्यावरच चाललंय समदं. भ्याल्या असत्याल. इंजान चालू झालं तवा स्टेजवर कोन बी न्हाई. दुसऱ्या दिशी आमी चौघी यस्टीनं सांगलीला गेलो हुतो तेंना हुडकाय. बोलवून आनायला. पर एवढं मोठं गाव, पत्त्या गावलाच न्हाई."

"आणि आत्ता? आत्ता तुम्ही सगळ्या काय ओरडत होता?"

"तेच की! चालू करा म्हनत हुतो. किती दम धरायचा मानसानं?"

मांडव हास्याने फुटला. पुरुषसुद्धा हसत होते. धनाजीराव खाली मान घालून हसत होते, मग त्यांनी पुढे होऊन स्वतःच राहिलेली दोरी गोळा केली. मी हुद्दारसाहेबांकडे पाहिलं. रिसीव्हर कानाला तसाच होता. स्टुडिओतून कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत असावं, कारण ते म्हणाले, आणि मला ते लांबूनही स्पष्ट ऐकू आलं, "काही तोडायचं नाही. चालू ठेवा."

पडदा बाजूला झाला. मनोरमाबाई बाहेर आल्या. दोन्ही पट्टे खांद्यावर होते. त्या स्टेजच्या कडेपर्यंत आल्या आणि कितीतरी वेळ खाली उभ्या असलेल्या त्या बायकांकडे बघत राहिल्या. एकेकीकडे, नीट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"लागली का?" त्यांनी विचारलं.

"काय?" आक्काताई म्हणाल्या.

"खुर्ची. अध्यक्षाला लागली का?"

"न्हाई वो. नेम चुकला. इंजानाला बसली."

मनोरमाबाई हसल्या. इतकं हसल्या की अकॉर्डियनच्या भात्यातून आपसूक एक सूर बाहेर पडला. मग त्यांनी मान मागे वळवली. "रोशन, हेमा. या. पहिल्या कडव्यानंतर थांबलो होतो ना? तिथूनच."

"आधी पयलं बी म्हना!" खालून मागणी आली. "निम्म्या पोरींनी ऐकल्यालं न्हाई."

मग पहिल्यापासून झालं. रोशनबींनी काठ्या उचलल्या आणि ठेका धरला. पायांचं काम हातांनी भरून काढत होत्या, गालांवर घामाचे ओघळ, आणि चेहऱ्यावर विशीतल्या मुलीचं हसू. अकॉर्डियनने सूर दिला. हेमलताने त्या खालच्या, भरदार आवाजात गाणं उचललं आणि पहिल्या ओळीला खालच्या बायका नाचायला लागल्या. म्हाताऱ्या, सुना, पोरी. कुणी कुणाचा हात धरून, कुणी एकटीच. वर धूळ उडाली. पुढच्या खुर्च्या बाजूला करायला आता पुरुषच हात लावत होते.

पहिलं कडवं संपलं. हेमलताने श्वास घेतला. इतकी वर्षं अडलेलं दुसरं कडवं आता येणार होतं. मी माइक हातात धरून उभी होते.

पण तिने तोंड उघडायच्या आत खालून आवाज आला. शेकडो बायकांचा, एकसुरात.

दाल्ल्याची हाक गं वेशीतनं येई,
येऊ दे बाई, मला ऐकूच न्हाई!

हेमलता थांबली. रोशनबींचा ठेका चुकता चुकता राहिला. नवऱ्याच्या हाकेचं हे कडवं मनोरमाबाईंचं नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या कडव्यात डोंगर होता, चांदणं होतं, ते मी तालमीत ऐकलं होतं. बायका मात्र थांबल्या नाहीत. ज्यांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता त्या पोरींनाही ते पाठ होतं. हळदीत, भांगलणीत, झिम्म्याला म्हणत आले असावं. दुसरं कडवं त्यांना कुणी ऐकूच दिलं नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वतःचं केलं होतं आणि पोरींना शिकवलं होतं.

मनोरमाबाईंची बोटं पट्ट्यांवर थांबली होती. त्यांनी ओळ एकदा ऐकली. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा त्यांनी भाता उघडला आणि त्या बायकांच्या मागून, त्यांच्या चालीने, त्यांना साथ द्यायला लागल्या. बायकांनी चालीत शेवटी एक छोटीशी मुरड घातली होती. ती त्यांनी तिसऱ्या वेळेला बरोबर पकडली आणि खालून टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग हेमलताने चांदण्याचं कडवं म्हटलं. आणि मग राहिलेली सगळी गाणी झाली. त्या दिवशीची, त्याच क्रमाने. एकही गाळलं नाही.

पाच वाजायला थोडा वेळ राहिला तेव्हा हुद्दारसाहेबांनी मला आवरतं घ्यायची खूण केली. मी माइककडे गेले आणि नेहमीसारखी सुरुवात केली. "गायिका हेमलता कांबळे, तालवाद्य रोशनबी मुजावर. 'पायाला सुटली घाई' या गाण्याचे शब्द आणि संगीत मनोरमा तोडकर..."

"थांब," मनोरमाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "अर्धवट सांगू नकोस. तीन कडव्यांचं गाणं आहे. दोन माझी. मधलं उंबरवड्याच्या बायकांचं. तसं सांग."

मी तसं सांगितलं. "मधलं कडवं, उंबरवड्याच्या बायका."

"त्या बायकांना नावं न्हाईत व्हय?" आक्काताई खालून ओरडल्या.

मी हुद्दारसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, पाच वाजता दिल्लीच्या बातम्या होत्या आणि त्या कुणासाठी थांबत नाहीत. मग त्यांनी स्वतः टेबलावरचा दुसरा माइक उचलला, वायर सोडवत सोडवत गर्दीतून पुढे आले आणि तो आक्काताईंच्या हातात दिला.

"एकेकीनं. नुसतं नाव सांगा," ते म्हणाले. "भराभर."

"आक्काताई शेवाळे," आक्काताई म्हणाल्या आणि माइक पुढे गेला.

"सुभद्रा पवार."

"कोंडाबाई... कोंडाबाई लोहार."

"हौसा गुरव."

कुणी लाजून पुटपुटत होती, कुणी खणखणीत बोलत होती. एकीने नवऱ्याच्या नावाने सुरुवात केली आणि थांबून पुन्हा स्वतःचं सांगितलं. मनोरमाबाई मागून अगदी हलक्या हाताने अकॉर्डियनवर सूर धरून होत्या, प्रत्येक नावाला एक. जिल्ह्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर, गिरण्यांत, शेताच्या बांधावर ती नावं जात होती. मला समारोपाचं वाक्य बोलायचं होतं. चांगलं लिहिलंही होतं, पण त्याला जागाच उरली नाही. अजून रांग बरीच बाकी होती आणि दर क्षणाला एक बाई हात पुढे करून माइक घेत होती.

"रखमा साळुंखे."

"विठा."

"चंद्रभागा माने."